चार पदरी जुनी साडी आणि पटकी : बांगलादेशातील मतलबचे प्रकरण

बांगलादेशाच्या चांदपूर जिल्ह्यातील मतलब हा ग्रामीण भाग ढाक्याच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर, मेघना नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. पावसाळ्यात येथे जमीन आणि पाणी यांची हद्द जवळजवळ नाहीशी होते. घरे मातीच्या उंचवट्यांवर असतात, त्यांना लागून तळी असतात आणि पूर चढला की तळी, ओढे व नदी यांचे पाणी एकमेकांत मिसळते. ज्या तळ्यात अंघोळ होते, भांडी घासली जातात आणि मासे वाढतात, त्याच तळ्याचे पाणी अनेक घरांत पिण्यासाठीही भरले जात असे. घरासाठी पाणी भरण्याचे काम बायकांकडे होते आणि ते भरण्याचे भांडे म्हणजे 'कोलशी', आपल्या कळशीची सख्खी बहीण.

जुन्या साडीच्या घडीतून पिण्याचे पाणी गाळल्याने कॉलरा (पटकी) कमी होतो का, याच्या अभ्यासासाठी या भागाची निवड करण्याचे कारण वैज्ञानिक आहे. १९६० मध्ये ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली, पुढे तिचेच आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र झाले. या संस्थेने १९६३ मध्ये मतलबला आपले क्षेत्रीय केंद्र काढले आणि १९६६ पासून येथील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर जाऊन नियमित नोंद ठेवण्यास सुरुवात केली. जोडीला अतिसाराच्या रुग्णांवर मोफत उपचार करणारे रुग्णालय होते. मीठ, साखर आणि पाणी यांचे द्रावण तोंडाने देऊन कॉलराचा रुग्ण वाचवता येतो, हे ज्या चाचण्यांतून १९६८ मध्ये दिसून आले, त्यांत मतलबचाही वाटा होता. एखाद्या गावात कॉलरा वाढला की कमी झाला हे अंदाजाने नव्हे, तर मोजून सांगता येईल अशा जगातील मोजक्या ग्रामीण भागांपैकी हा एक होता. पुढे सांगितलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा असे मला वाटते, त्याचे मुख्य कारण ही दीर्घकाळ चालत आलेली नोंदणी आहे.

कुटुंबासमोरचा पेच

तळ्याचे पाणी पिऊ नये हे लोकांना ठाऊक नव्हते, असे समजणे अन्यायाचे होईल. १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या साहाय्याने देशभर हातपंपांच्या कूपनलिका घेतल्या गेल्या, त्या लोकांना उघड्या पाण्यापासून दूर नेण्यासाठीच. त्यांचा प्रसार वेगाने झाला. परंतु १९९३ मध्ये भूजलात आर्सेनिक सापडले आणि हळूहळू असे दिसून आले की देशाच्या मोठ्या भागातील उथळ कूपनलिकांचे पाणी या विषाने दूषित आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, तर बांगलादेशाचे स्वतःचे प्रमाण ५० मायक्रोग्रॅम आहे. असंख्य कूपनलिकांमध्ये हे दुसरे, सैल प्रमाणही ओलांडलेले आढळले. मतलब हा सर्वाधिक बाधित भागांपैकी एक. पुढे तपासलेल्या पंपांच्या तोंडाला रंग देण्याची पद्धत आली, लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे पिण्यास चालेल. आर्सेनिकाची बाधा शरीरात वर्षानुवर्षे मुरत जाते, तर कॉलराचा गंभीर रुग्ण उपचाराविना काही तासांतही दगावू शकतो. ज्या घरासमोर लाल तोंडाचा पंप आणि पाठीमागे तळे आहे, त्या घराला या दोन संकटांतून रोज एकाची निवड करावी लागत होती.

पाणी उकळून पिणे हा सर्वांना माहीत असलेला उपाय आहे आणि तो निर्विवाद प्रभावी आहे. अडचण सरपणाची होती. एक लिटर पाणी उकळण्यास ढोबळमानाने एक किलो लाकूड लागते असा हिशेब धरला जातो. पाच माणसांच्या कुटुंबाला नुसते पिण्यासाठी दिवसाला दहा लिटर पाणी लागते असे धरले, तरी त्यासाठी दहा किलो सरपण हवे. झाडे कमी आणि पुराचे दिवस जास्त अशा या मुलखात चूल पेंढा, वाळलेली पाने आणि शेणी यांवर पेटते, आणि ऐन पावसाळ्यात हे सारे ओले असते. पाणी उकळण्याचा सल्ला चुकीचा नव्हता. फक्त तो ज्या घरांना दिला जात होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो रोज पाळणे शक्य नव्हते.

जंतूपेक्षा त्याचे वाहन मोठे

कॉलरा, म्हणजे आपल्या जुन्या लोकांची पटकी, ज्या जंतूमुळे होतो, त्या व्हिब्रिओ कॉलरीची लांबी एक ते तीन मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात हा जंतू वेगळा करून दाखवला, आणि त्यानंतर दीर्घकाळ असे मानले जात होते की माणसाचे आतडे हेच त्याचे खरे घर असून पाणी त्याला केवळ एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. या समजुतीला धक्का दिला तो अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. चेसापीक उपसागराच्या पाण्यात त्यांना हा जंतू सापडला आणि पुढे असे दिसून आले की खाड्या, नद्या व तळी यांच्या पाण्यात तो स्वाभाविकपणे राहतो, तोही बहुधा एकटा नव्हे. पाण्यात तरंगणाऱ्या कॉपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांच्या अंगाला, तोंडाजवळ आणि अंड्यांच्या पिशव्यांना तो चिकटून असतो. कॉलवेल यांचे सहकारी अन्वर हक यांनी १९८३ मध्ये हे नाते प्रयोगाने स्पष्ट केले. एकाच कॉपेपॉडवर दहा हजारांहूनही अधिक जंतू असू शकतात. सर्वसाधारण निरोगी माणसाला कॉलरा होण्यासाठी पोटात मोठ्या संख्येने जंतू जावे लागतात, कारण जठरातील आम्ल त्यांतील बहुतेकांना मारते. हे लक्षात घेतले की पेलाभर पाण्यातून डोळ्यांना जेमतेम दिसणारे थोडे कण गिळणे इतके महागात का पडू शकते, याचा उलगडा होतो. बांगलादेशात कॉलराचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यापूर्वीचा आणि एक त्यानंतरचा. तळ्यात अशा जीवांची संख्या कधी वाढते याच्याशी या हंगामांचा संबंध जोडून पाहणे मग साहजिक ठरले.

या प्रकरणाचे मर्म येथे आहे. एक मायक्रॉनचा जंतू अडवायचा असेल तर चिनीमातीची किंवा त्याहून बारीक गाळणी लागते, आणि ती विकत घ्यावी लागते. तो ज्यावर बसून येतो तो जीव मात्र शंभर मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पुष्कळ मोठा असतो. त्यामुळे जंतूला नव्हे, त्याच्या वाहनाला अडवले तरी बरेच काम होईल, असा तर्क पुढे आला.

गाळण्यासाठी काय वापरावे याचा शोध घेताना संशोधकांनी गावकऱ्यांचेच घर पाहिले. सरबतासारख्या घरगुती पेयांतील कचरा काढण्यासाठी तेथील बायका साडीचा तुकडा वापरतच होत्या, मात्र तो एकपदरी असे. सुती साडीच्या एका पदराची छिद्रे शंभर ते दीडशे मायक्रॉनची भरतात, त्यामुळे त्यातून पाला अडतो, बारीक जीव अडत नाहीत. तोच तुकडा चार ते आठ पदरी केला की छिद्र सुमारे २० मायक्रॉनवर येते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील निष्कर्षांनुसार अशा घडीतून पाणी गाळल्यास तरंगत्या जीवांना चिकटलेले सुमारे ९९ टक्के कॉलराजंतू पाण्यातून निघून जातात. आणखी एक गोष्ट दिसली, जी कोणत्याही गृहिणीला सांगून समजेल: नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली गाळते. वारंवार धुतल्याने सुताचे तंतू पिंजतात, मऊ होतात आणि धाग्यांमधली मोकळी जागा भरून काढतात. ज्या घरात विकत आणण्याची ऐपत सर्वांत कमी, त्या घरात सर्वांत उपयोगी वस्तू आधीपासून पडून होती.

६५ गावांतील चाचणी

सप्टेंबर १९९९ ते जुलै २००२ या काळात मतलब परिसरातील ६५ गावांत, मिळून सुमारे १ लाख ३३ हजार लोकसंख्येत, ही पद्धत प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आली. गावांचे तीन गट केले होते. एका गटाला साडीची घडी वापरण्यास शिकवले, दुसऱ्याला नायलॉनची जाळी दिली आणि तिसऱ्या गटाने आपली नेहमीची पद्धत चालू ठेवली. नायलॉनची जाळी अंधारात तीर मारण्यासाठी निवडलेली नव्हती. नारू या कृमिरोगाच्या निर्मूलनासाठी अशीच जाळी अनेक देशांत वापरली गेली होती, आणि नारूचा जंतूही सायक्लॉप्स नावाच्या कॉपेपॉडच्या पोटातूनच माणसात शिरतो. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पायातून नारू काडीला गुंडाळत काढलेला पाहिला आहे, त्यांना फडक्याने पाणी गाळण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

बायकांना जे शिकवले गेले ते मोजके होते, पण त्यातला प्रत्येक तपशील कामाचा होता. कोलशीच्या तोंडावर साडीची घडी ताणून बसवायची आणि भांडे पाण्यात बुडवताना किंवा त्यात पाणी ओतताना ते घडीतूनच आत जाईल असे पाहायचे. कोलशी भरली की घडी काढून ती उलटी करून पाण्यात खळबळून घ्यायची, शेवटी गाळलेल्या पाण्याने धुवायची आणि उन्हात कडक वाळवायची. धुणे आणि वाळवणे हे बारकावे वाटले तरी पद्धतीचा निम्मा भार त्यांच्यावर आहे. घडीवर अडकलेले जीव तेथेच राहिले आणि दुसऱ्या वेळी तीच बाजू खाली गेली, तर आधी अडवलेले सगळे एकदम कळशीत जाईल. ओलसर कापडात जंतू जगतात आणि उन्हात सुकलेल्या कापडात मरतात; म्हणून सलग पावसाचे दिवस हा या पद्धतीचा अवघड काळ असतो, आणि तेव्हा कापड जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घेणे हाच भरवशाचा मार्ग उरतो. ही सर्व माहिती त्याच परिसरातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन दिली आणि त्या पुन्हा पुन्हा जात राहिल्या. मला वाटते, या भेटींचा उल्लेख अशा प्रकरणांच्या सांगण्यात फार लवकर गळून जातो. साडी फुकट होती, परंतु तिच्यामागचा तीन वर्षांचा पाठपुरावा फुकट नव्हता.

निष्कर्ष असा निघाला की साडी वापरणाऱ्या गावांत नेहमीच्या पद्धतीने पाणी भरणाऱ्या गावांच्या तुलनेत कॉलराचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. नायलॉनच्या जाळीनेही लाभ झाला, पण ती जुन्या साडीपेक्षा सरस ठरली नाही.

४८ टक्के हा आकडा दोन्ही बाजूंनी नीट वाचला पाहिजे. प्रयोगशाळेत ९९ टक्के आणि गावात ४८ टक्के, यांतील अंतर म्हणजे पद्धतीचे अपयश नव्हे. गावातला माणूस केवळ घरातल्या कळशीतून पाणी पीत नाही; तो शेतावर, बाजारात, नातलगांकडे पितो, मुले अंघोळ करताना तळ्याचे पाणी गिळतात, आणि रुग्णाच्या हातांतून व अन्नातूनही जंतू पसरतो. शिवाय काही जंतू कोणत्याही जीवाला न चिकटता पाण्यात मोकळे असतात आणि ते २० मायक्रॉनच्या छिद्रातून आरामात निघून जातात. दुसरीकडे, या आकड्याला एक बळकटी आहे, जी घरगुती पाणीशुद्धीच्या पुष्कळ चाचण्यांना नसते. अशा चाचण्यांत बहुधा 'गेल्या आठवड्यात मुलाला जुलाब झाले का' असे आईला विचारले जाते, आणि ज्या आईला आपण काही साधन दिले आहे ती संकोचाने का होईना थोडे कमी सांगण्याचा संभव असतो. मतलबमध्ये मोजले गेले ते कॉलराचे रुग्ण, आणि कॉलराचा रुग्ण भिडेखातर लपत नाही. येथे कोणता गट काय वापरतो हे सर्वांना दिसत होते, हा दोष राहतोच. पण त्याचा परिणाम मर्यादित असावा असे मानण्यास जागा आहे.

पाच वर्षांनंतर

प्रकल्प संपल्यावर काय उरते, हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. मतलबमध्ये तो पाच वर्षांनी विचारला गेला आणि त्याचे उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वीच्याच लोकसंख्येतून घरासाठी रोज पाणी भरणाऱ्या ७,२३३ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी ३१ टक्के स्त्रिया अजूनही पाणी गाळून घेत होत्या, आणि गाळणाऱ्यांमध्ये ६० टक्के साडी वापरत होत्या.

हा आकडा काहींना निराशाजनक वाटेल, कारण दोन तृतीयांशांहून अधिक घरांनी सवय सोडली होती किंवा ती लागलीच नव्हती. मी तो वेगळ्या अंगाने पाहतो. या पाच वर्षांत कोणी घरी येऊन आठवण देत नव्हते, काही वाटले जात नव्हते, आणि तरीही दर दहा घरांपैकी तीन घरांत सवय टिकली होती. बाहेरून पुरवठा होणारी साधने, मग ती औषधाची बाटली असो वा यंत्र, पुरवठा थांबताच बंद पडतात. साडीच्या बाबतीत पुरवठा थांबण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दर वर्षी घरात आणखी एखादी साडी जुनी होतच असते. मात्र चार पदर, उलटी धुलाई आणि कडक ऊन हे तपशील आठवण देणाऱ्याविना सैल होत जातात, आणि एकपदरी गाळणे हे पूर्वीचेच गाळणे होय. गाळते आहे आणि नीट गाळते आहे, यांतील फरक कोणत्याही टक्केवारीत लवकर दिसत नाही.

या पाहणीतून अनपेक्षित गोष्टीही पुढे आल्या. ज्या घरांत स्वतः गाळत नव्हते, पण आसपासची घरे गाळत होती, त्या घरांतही कॉलराचे प्रमाण कमी दिसले. एका घरात रुग्ण कमी झाले की तळ्यात पडणारी घाण आणि हातांतून पसरणारे जंतूही कमी होतात, त्यामुळे शेजाऱ्यांना आडून लाभ होतो, असे याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. याशिवाय, मूळ चाचणीत ज्या गावांना काहीच शिकवले नव्हते, त्या गावांतील २६ टक्के स्त्रियाही पाच वर्षांनंतर पाणी गाळताना आढळल्या. ही गोष्ट आनंदाची आहे आणि त्याच वेळी अभ्यासकाला अडचणीची आहे. ज्या गटाशी तुलना करायची तोच गट उपाय उचलू लागला, तर नंतरच्या काळातील लाभ मोजताना तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत कॉलराची घट पूर्वीइतकी ठसठशीत न दिसण्यामागे हेही एक कारण असले पाहिजे.

कापड कोठे थांबते

मतलबचा दाखला देऊन कोठल्याही गरीब वस्तीत 'फडक्याने गाळा' असे सांगणे धोक्याचे आहे, आणि हे मी आग्रहाने मांडतो. चार पदरी साडी २० मायक्रॉनपेक्षा लहान असलेले काहीही खात्रीने अडवत नाही. विषाणू तिच्यातून जातात. विषमज्वराचे आणि सामान्य जुलाबाचे मोकळे जीवाणू जातात. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या एकपेशीय परजीवींची कवचबंद रूपे, पहिल्याची दहा-बारा मायक्रॉनच्या आसपासची आणि दुसऱ्याची चार ते सहा मायक्रॉनची, असल्याने तीही सुटतात. विरघळलेल्या आर्सेनिकावर तर कापडाचा काडीचाही परिणाम होत नाही, आणि म्हणून लाल तोंडाच्या पंपाचे पाणी गाळून प्यायचे नसते. मतलबमध्ये ही पद्धत लागू पडली, कारण तेथील रोग विशिष्ट होता, त्याचे वाहन विशिष्ट होते आणि लोक पीत होते ते पाणी उघड्या तळ्यांचे व नद्यांचे होते. जेथे दूषित पाणी जमिनीखालच्या फुटक्या नळातून येते आणि त्यात सांडपाणी मिसळलेले असते, तेथे तरंगते जीव जवळजवळ नसतातच, आणि कापडाला अडवण्यासारखे काही उरत नाही.

जेथे पाणी गढूळ आहे आणि नुसते गाळणे पुरेसे नाही, तेथे कापडाने पहिली पायरी व्हावे, शेवटची नव्हे. उन्हात पारदर्शक बाटली ठेवून पाणी निर्जंतुक करायचे असेल तर निरभ्र दिवशी किमान सहा तास आणि ढगाळ हवेत सलग दोन दिवस द्यावे लागतात, आणि पाणी गढूळ असेल तर सूर्यकिरण आत पोहोचतच नाहीत. क्लोरीनचेही तसेच आहे. गढूळ पाण्यातील माती आणि सेंद्रिय कण क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे मात्रा दुप्पट करावी लागते, चव आणि वास तीव्र होतो, आणि घरातली माणसे ते पाणी प्यायचे टाळू लागतात. आधी चार पदरी कापडाने गाळले तर गढूळपणा काही प्रमाणात उतरतो आणि कवचधारी जीवांच्या आड लपलेले जंतू निघून जातात. उरलेल्या मोकळ्या जंतूंवर क्लोरीनला काम करता येते. मात्रा घातल्यावर अर्धा तास थांबायचे असते आणि त्या अर्ध्या तासानंतर लिटरमागे किमान अर्धा मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र क्लोरीनही निष्प्रभ ठरते. तेथे उकळणे हा भरवशाचा उपाय आहे, आणि निदान दूधपित्या व नुकतेच अन्न खाऊ लागलेल्या मुलांपुरते तरी सरपण राखून ठेवावे लागते.

भांड्याचा मुद्दा या सगळ्याच पद्धतींना समान आहे. गाळलेले किंवा क्लोरीन घातलेले पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवले आणि त्यात हात बुडवून पेला भरला, तर आधीचे सर्व कष्ट त्या एका बुडीत वाया जातात. मतलबच्या कोलशीचे तोंड अरुंद असल्याने त्यात हात सहज जात नाही आणि पाणी ओतूनच घ्यावे लागते. त्याच अरुंद तोंडावर साडीची घडी घट्ट बसते.